क्लाउड फोन घेण्याआधी: क्रमांक कोणाच्या नावावर?

कार्यालयातील जुने ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत फोन जोडणारे यंत्र, काढून इंटरनेटवरून चालणारी क्लाउडवरची फोनव्यवस्था घ्यायची असेल, तर दरपत्रके मागवण्याआधी एकच प्रश्न कागदावर लिहावा: आपला क्रमांक कोणाच्या नावावर राहणार? कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात तो कोणी विचारला नाही, आणि त्यात मी आलोच. भाडे वाचावे म्हणून नवी व्यवस्था सुरू झाली त्याच आठवड्यात मी 0231ची जुनी लँडलाइन परत केली आणि नवा क्रमांक पाटीवर, बिलांवर व मालाच्या खोक्यांवर छापून घेतला. दीड वर्षाने सेवा पटेना म्हणून कंपनी बदलायला गेलो, तेव्हा कळले की तो क्रमांक आमचा कधी नव्हताच; कंपनीने स्वतःच्या नावावर घेतलेल्या क्रमांकांपैकी एक आम्हाला वापरायला दिला होता.

कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवण्याची सोय आपल्याकडे 2011पासून देशभर आहे, पण ती मोबाइलपुरती. लँडलाइनचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. म्हणून जुनी लाइन परत करू नये. सर्वात कमी भाड्यावर ती चालू ठेवून तिच्यावरचे कॉल नव्या क्रमांकाकडे वळवावेत. शक्य असल्यास सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेट पद्धतीची फोनलाइन, दूरसंचार कंपनीकडून थेट आपल्या फर्मच्या नावाने घ्यावी आणि क्लाउड व्यवस्था तिला जोडावी, म्हणजे उद्या व्यवस्था बदलली तरी क्रमांक जागचा हलत नाही. विक्रेता ‘नंबर तुमचाच, साहेब’ असे तोंडी सांगतो. ते करारात लिहून मागावे आणि लिहून देत नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

एक्स्टेंशन किती हे सगळेच मोजतात. त्यापेक्षा गर्दीच्या तासात एकाच वेळी किती कॉल चालू असतात ते आठवडाभर टिपून ठेवावे, कारण किती लाइन घ्यायच्या हे त्यावरून ठरते. दर सांगताना 18 टक्के जीएसटी बहुधा वगळलेला असतो.

इंटरनेटच्या वेगाची भीती घालून महागडी योजना गळ्यात मारली जाते. आवाज डिजिटल करण्याच्या नेहमीच्या जी.711 पद्धतीने एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे 90 केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉल 1 एमबीपीएसच्या आत बसतात. खरी अडचण विलंबाची असते: आवाज पोहोचायला 150 मिलिसेकंदांहून जास्त लागू लागले की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. चाचणी सकाळी निवांत घेऊ नये, हिशेबाचा बॅकअप चढत असताना घ्यावी. एका बाजूचाच आवाज ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा राउटरमधील सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सोय, चालू राहिलेले असते. ते बंद करावे.

तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, या फोनला मिळत नाही. फायबरचा डबा, राउटर आणि स्विच ही तिन्ही इन्व्हर्टरवर हवीत. तरीही इंटरनेट गेलेच तर कॉल मोबाइलवर जातील असा नियम लावून घ्यावा, आणि तो मोबाइल क्रमांक फर्मच्या नावावरच्या सिमचा असावा. एखाद्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक क्रमांक तिथे टाकला, तर तो नोकरी सोडताना आपले ग्राहक खिशात घालून जाईल. पुन्हा तोच प्रश्न, क्रमांक कोणाच्या नावावर.

आयव्हीआर, म्हणजे ‘अमुकसाठी एक दाबा’ सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज, मराठीत असावा, पर्याय तीनच. रेकॉर्डिंग होत असल्यास कॉल करणाऱ्याला ते सुरुवातीलाच ऐकवावे. करार संपल्यावर जुनी रेकॉर्डिंग मिळतील का, हे आधी विचारावे. कंपनीचा दूरसंचार परवाना पाहावा. जाहिरातीचे कॉल करायचे असतील तर 140ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या मालिकेची नोंदणी वेगळी.

बदल महिनाअखेरीस करू नये. महिनाभर जुने आणि नवे दोन्ही चालवावे. पाटी आणि खोक्यांची छपाई सर्वात शेवटी, क्रमांक फर्मच्या नावावर असल्याचा कागद हातात आल्यावर.