पोकळीचा बेसाल्ट फोडावा कसा, आतले स्फटिक न चुरडता

दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या ठेवल्या आणि पुढे पाझरत्या पाण्यातून त्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट हे निळं खनिज असंच मिळतं. खाणीतून दगड उचलायचा तर मालकाची परवानगी घ्या. गडकिल्ल्यांना आणि लेण्यांना हात लावू नका.

1. आधी दगड ओळखा. आकाराच्या मानाने हलका लागला आणि हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत न वाजता बद्द वाजला, तर आत पोकळी असण्याचा संभव आहे. बारीक छिद्रांनी भरलेला मांजऱ्या दगड मात्र सोडून द्या. त्याची छिद्रं घावाखालीच चिरडतात आणि तडा पुढे सरकत नाही.

2. डोळ्यांवर गॉगल हवाच. दगड वाळूच्या पिशवीवर बसवा.

3. घण बाजूला ठेवा. खरी गोम इथे आहे. खडक दाब भरपूर सोसतो, पण ताण, म्हणजे ओढ, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच. घाव बसला की दाबाची लाट सेकंदाला पाचेक किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे दहा सेंटिमीटरचा दगड सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात पार! पोकळीच्या भिंतीवर ती आदळून उलटते आणि उलटताना दाबाचा ताण होतो. मग भिंतीची आतली बाजू कपच्यांनी सुटते, आणि स्फटिक नेमके तिथेच चिकटलेले असतात. म्हणून जोरदार घावानंतर बाहेरून नुसता ओरखडा दिसला तरी आतला माल गेलेला असू शकतो.

4. पोकळीच्या मधोमध जाईल अशी रेघ खडूने दगडाभोवती आखा. रेघेवर छिन्नी धरून हलके ठोके देत दगड फिरवत राहा. एकाच जागी रेटू नका. दोन-तीन फेऱ्यांत आवाज बसका झाला की तडा धरला समजा. छिन्नीचं डोकंही कठीण पोलादाचं असेल तर हातोडीने ठोकताना कपची उडू शकते, म्हणून ते डोकं मऊ पोलादाचं असावं.

5. तडा दिसला की ठोके थांबवा आणि फटीत पातळ पाचर हळूहळू सरकवा. या पोकळ्यांत मिळणारं अपोफिलाइट हे खनिज एका दिशेने सहज चिरतं, तेव्हा दोन्ही भाग सरळ ओढून वेगळे करा, पिळू नका.