पोट मऊ, पण दुखणं असह्य: नव्या सर्जरी रेसिडेंट्ससाठी

कॅज्युअल्टीत पेशंट कळवळतोय, पण पोट हाताला मऊ लागतंय, अशा वेळी आतड्याच्या रक्तवाहिनीचा विचार आधी करा. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची घाई नको.

आमच्याकडे आलेले काका पन्नाशीचे, बीपीचे. जेवणानंतर बेंबीच्या वर अचानक कळ उठली. ईसीजी, लायपेज (स्वादुपिंडाची रक्तचाचणी) नॉर्मल. सोनोग्राफीत गॅसमुळे काही दिसेना. लॅक्टेटही (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) नॉर्मल होतं, पण सुरुवातीला ते तसं असू शकतं, त्यावर विसंबू नये. सीनियर मॅडमनी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, लिहायला लावली. फॉर्मवर ‘आर्टेरियल फेज’ (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाचे फोटो) स्पष्ट लिहा आणि तोंडावाटे कॉन्ट्रास्ट देऊ नका. त्यात वेळ जातो आणि वाहिन्याही नीट दिसत नाहीत.

आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीचं, म्हणजे एसएमएचं, आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीत शिरलं होतं. ही फाट बहुधा उगमापासून १.५ ते ३ सेंमीवर सुरू होते, स्वादुपिंडामागे जखडलेली धमनी मोकळी होते त्या भागात. सॅजिटल कटमध्ये (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात) तिथेच बघा. महाधमनीला फाट नाही ना, हेही त्याच वेळी तपासा.

बरेच पेशंट ऑपरेशनशिवाय सावरतात: तोंडावाटे काही नाही, पुरेसं वेदनाशमन, बीपीवर ताबा, गरजेप्रमाणे रक्त पातळ करणारं औषध. दुखणं हटेना, पण आतडं शाबूत असेल, तर स्टेंटचा विचार होतो. मात्र पोट पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, शक्यतो एकाच डॉक्टरने. काकांचं पोट रात्री कडक झालं, म्हणजे आतडं धोक्यात, म्हणून ओपन करावं लागलं.

ट्रान्सव्हर्स कोलन (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) वर उचलायचं, लहान आतडं उजवीकडे सारायचं; मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) मुळाशी, सोबतच्या शिरेच्या डावीकडे एसएमए सापडते. मॅडमनी पायाची सॅफिनस शीर घेऊन महाधमनीपासून बायपास केला. छिद्र पडून घाण सांडत नसेल, तर आधी रक्तपुरवठा, मग आतडं कापणं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रक्त पोचल्यावर काळवंडलेली काही वेटोळी गुलाबी होतात आणि तेवढं आतडं वाचतं. मेलेला भाग काढला, शंकेचा ठेवला, पोट तात्पुरतं झाकलं.

२४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडून पाहावं लागतं. हे नातेवाइकांना पहिल्या ऑपरेशनच्या संमतीवेळीच सांगा आणि केसपेपरवर लिहून ठेवा.