माकडांचा हिवताप माणसात आणणारा डास कसा ओळखावा: सुरुवात मागच्या पायापासून

मी कोकणातली. हिवतापाच्या कामात कीटक समाहारक म्हणून डास ओळखायला शिकले आणि आता मलेशियातल्या साबाह राज्यात, अगदी उत्तरेच्या कुदात भागात तेच काम करते. महाराष्ट्रात शिकलेली मुलं-मुली इकडे यायचं ठरवतात तेव्हा हमखास विचारतात, की माकडाचा हिवताप पसरवणारा डास नेमका कोणता आणि तो ओळखायचा कसा. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी रोगाबद्दल थोडं. प्लाझमोडियम नोलेसी हा परजीवी मूळचा माकडांचा. लांब शेपटीचं माकड, ज्याला इथले लोक केरा म्हणतात, आणि आखूड शेपटीचा बेरुक, या दोघांच्या रक्तात तो राहतो. 1932 मध्ये कलकत्त्यात नोल्स आणि दास गुप्ता यांनी तो माणसालाही होऊ शकतो हे प्रयोगाने दाखवलं. निसर्गात माणसाला झालेली पहिली लागण 1965 मधली. मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या पाहांगच्या जंगलात काम करून परतलेल्या एका अमेरिकी माणसात ती सापडली. पुढे बरीच वर्षं हा विरळा प्रकार मानला गेला. मग 2004 मध्ये बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी साबाहशेजारच्या सारावाक राज्यातल्या कापित इथल्या 208 हिवताप रुग्णांचं रक्त डीएनएवरून तपासलं, तर 120 जणांत नोलेसी निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली तो मलेरिई या परजीवीसारखा दिसतो, त्यामुळे काचपट्टीवर त्याला मलेरिईच म्हटलं जात होतं. नोलेसीचं रक्तातलं चक्र 24 तासांत पूर्ण होतं, म्हणून रुग्ण झपाट्याने ढासळू शकतो. 2018 पासून मलेशियात माणसाच्या नेहमीच्या हिवतापाची स्थानिक लागण नोंदलेली नाही, पण नोलेसीचे रुग्ण दर वर्षी येतात. म्हणून इथे डास ओळखण्याला एवढं महत्त्व आहे.

आता डासाकडे. आपल्याकडे क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस हे हिवतापाचे दोन डास वेगळे करताना पाल्पवरचे (सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या स्पर्शिकांवरचे) पट्टे आणि पंखांच्या शिरा पाहायची सवय लागते. त्या दोघांचे पाय साधे काळपट, त्यामुळे पायांकडे फारसं लक्ष जात नाही. इथे उलट करा. नोलेसी पसरवणारे मुख्य डास अ‍ॅनॉफिलीसच्या ल्युकोस्फायरस गटातले आहेत. या गटात वीसच्या आसपास जाती आहेत आणि गटाची खूण मागच्या पायावर आहे.

पण पाय पाहायला मिळायचा तर तो डासाला शिल्लक हवा. म्हणून पकडण्यापासूनच जपा. बालाबासेन्सिस हा या गटातला कुदातचा प्रमुख डास घराबाहेर चावतो आणि अंधार पडताच, सहा ते आठच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो. मच्छरदाणीत झोपण्याच्या वेळेपर्यंत त्याचं बरंचसं काम झालेलं असतं. रबराच्या आणि पाम तेलाच्या मळ्यांच्या कडा, जंगलाला लागून असलेली घरं, अशा जागी बसा. माणसाच्या पायावर बसलेला डास टिपायची जुनी पद्धत अजून वापरतात, पण ती नैतिक समितीची परवानगी, हिवतापाच्या संरक्षक गोळ्या आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी असतील तरच. हौसेखातर कुणी हे करू नये. प्रकाश-सापळा लावता येतो, पण या डासांसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

सक्शन ट्यूबने ओढताना दम हळू घ्या. जोरात ओढलं की डास जाळीवर आपटतो आणि पहिले तुटतात ते मागचे पाय. जाळीच्या कागदी पेल्यात पाच-सहापेक्षा जास्त डास कोंबू नका. मारायला थंडी उत्तम. स्पिरिटमध्ये टाकलेल्या डासाचे खवले सुटतात, आणि ओळख तर सगळी खवल्यांच्या रंगावरच. प्रत्येक डास वेगळ्या कुपीत, सिलिका जेलवर ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते. तारीख, तास, गाव, जमिनीपासून किती उंचीवर पकडला आणि कसा पकडला, एवढं त्या चिठ्ठीवर हवंच.

भिंगाखाली घेतल्यावर पहिला प्रश्न, अ‍ॅनॉफिलीसची मादी आहे का? पाल्प सोंडेइतके लांब हवेत. क्युलेक्स आणि एडिसच्या मादीचे पाल्प आखूड असतात. मिशा पिसाऱ्यासारख्या आणि पाल्पच्या टोकाला गाठ दिसली तर तो नर, बाजूला ठेवा. मग पंखाची पुढची कड पाहा. चार किंवा अधिक काळे ठिपके असतील तर सेलिया उपवंश, आणि आपला गट त्यातच येतो. पंखाची कड जवळजवळ सलग काळी आणि पाल्प झुबकेदार दिसले तर तो बार्बिरोस्ट्रिस गटाकडचा. त्यालाही टाकून देऊ नका. त्या गटातला डोनाल्डी साबाहमध्ये हिवताप पसरवतो.

आता मागचा पाय. मांड्या आणि नळ्या (मांडी आणि पाऊल यांच्या मधला भाग) ठिपकेदार आहेत का ते पाहा. पण नुसत्या ठिपक्यांवर हुरळून जाऊ नका. मुंबईतल्या स्टीफेन्सीच्या पायांवरही ठिपके असतात, आणि इथे किनाऱ्याकडे मिळणाऱ्या सुंडाइकसच्याही. पाहायचा आहे तो सांधा, जिथे नळी संपते आणि पावलाचा पहिला खंड सुरू होतो. ल्युकोस्फायरस गटात त्या सांध्यावर रुंद, ठळक पांढरा पट्टा असतो, दोन्ही बाजूंच्या खंडांवर पसरलेला. खवले शाबूत असले तर तो साध्या भिंगातूनही दिसतो. डास एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळवून पाहा, कारण कधी एकाच पायाचे खवले गळलेले असतात.

फसवणारे तीन डास लक्षात ठेवा. मॅक्युलेटसच्या पायांवरही ठिपके असतात, पण त्याच्या मागच्या पावलाचा शेवटचा खंड पूर्ण पांढरा असतो. टेसेलेटसच्या सोंडेचा पुढचा भाग फिकट असतो. कोचीच्या पोटाखाली काळ्या खवल्यांचे झुबके दिसतात, म्हणून डास उलटा करून पोट बघायला विसरू नका.

गट कळला, आता जात. इथे ठिकाण फार मदत करतं. साबाहमध्ये बहुधा बालाबासेन्सिस. सारावाकच्या कापितमध्ये लाटेन्स. मलेशियाच्या द्वीपकल्पात पाहांगच्या कुआला लिपिसकडे क्रासेन्स, सेलांगोरमध्ये इंट्रोलेटस. व्हिएतनामच्या जंगलात डायरस. पण ठिकाण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. साबाहमध्ये लाटेन्सही आहे. पंखाच्या बुडाकडचे काळे-पांढरे डाग या जातींमध्ये थोडे वेगळे असतात आणि जाडजूड पुस्तकांत त्यांवर लांबलचक किल्ल्या, म्हणजे ओळखीच्या पायऱ्यांचे तक्ते, दिलेल्या आहेत. माझं ठाम मत सांगते: बाहेर रानात पकडलेल्या, झिजलेल्या पंखांच्या डासावर त्या किल्ल्या लावून जातीचं नाव लिहू नये. एकाच मादीच्या पिलांमध्येही हे डाग थोडेफार बदलतात.

त्यापेक्षा एक पाय डीएनएसाठी द्या. मधला पाय घ्या, मागचा कधीही नाही. आयटीएस2 आणि सीओआय हे डीएनएचे दोन्ही भाग वाचून घ्या. इतक्या जवळच्या जातींमध्ये एकाच जनुकावर विसंबणं बरं नाही. उरलेला डास पिनवर लावून त्याच क्रमांकाने जपून ठेवा.

वेळ असेल तर अळ्यांकडे वळा. मला वैयक्तिक हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि नवे लोक नेमका तोच टाळतात. बालाबासेन्सिसच्या अळ्या झाडांच्या सावलीतल्या लहान, तात्पुरत्या डबक्यांत मिळतात. मळ्यातल्या कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या चाकाने पडलेली चाकोरी, म्हशीच्या खुरांचे खळगे, अशी जागा. मोठं तळं पाहून थांबू नका. अ‍ॅनॉफिलीसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडून असतात. सावली पडली की बुडतात, म्हणून तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे राहा आणि डिपर (अळ्या काढायची लांब दांड्याची पळी) अलगद टेकवा. प्रत्येक अळी वेगळ्या नळीत वाढवा. अळीची कात, कोषाची कात आणि त्यातून निघालेला कोरा करकरीत डास असे तिन्ही एकाच क्रमांकाखाली ठेवलेत, की एकही खवला न गळलेला नमुना हाती येतो. आधी पाहिलेले झिजलेले डास मग याच्याशी ताडून बघता येतात.

शेवटची पायरी सर्वांत जास्त गैरसमजाची. जात ओळखली म्हणजे वाहक सापडला असं नाही. हॅकेरी हा याच गटातला डास नीपा पामच्या पानांच्या बुडाशी साठलेल्या पाण्यात वाढतो. नोलेसी असलेला डास निसर्गात पहिल्यांदा सापडला तो हाच, सेलांगोरच्या किनाऱ्यावर, 1961 च्या सुमारास. पण तो माकडांना चावतो, माणसाकडे फिरकत नाही. लाटेन्स मात्र झाडांच्या शेंड्यावर माकडाला चावतो आणि जमिनीवर माणसालाही. उंचीची नोंद चिठ्ठीवर हवी म्हणाले, ती याचसाठी.

म्हणून डासाचं डोकं आणि छाती एकीकडे, पोट दुसरीकडे करा आणि दर डासामागे पातं स्वच्छ करा. पोटात परजीवी सापडला तर त्याने दूषित रक्त प्यायलं एवढंच कळतं. लाळग्रंथींत स्पोरोझोइट (परजीवीचं चाव्यातून शरीरात शिरणारं रूप) असतील तरच तो पुढच्या चाव्यात रोग देऊ शकतो. स्पोरोझोइट सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तरी नोलेसीचे की सायनोमोल्गी, इनुई या माकडांच्या इतर परजीवींचे हे नजरेने ठरत नाही, त्यासाठी पुन्हा पीसीआर. पोटातलं रक्त कोणाचं हेही तिथेच तपासून घ्या.

आपल्या सह्याद्रीत कुणी हे काम करणार असेल तर दक्षिणेकडे, कर्नाटक आणि निलगिरीच्या बाजूला, या गटातले एलेगन्स आणि मिरन्स आहेत. तिथल्या जुन्या नोंदींमध्ये एलेगन्स हे एकच नाव दिसेल. मिरन्स 2005 मध्ये वेगळा केला गेला, तेव्हा जुनं नाव जसंच्या तसं उतरवू नका.

अहवालात डीएनएचा निकाल येईपर्यंत ‘अ‍ॅनॉफिलीस, ल्युकोस्फायरस गट’ एवढंच लिहा. जातीचा रकाना रिकामा सोडा आणि शेजारी कुपीचा क्रमांक टाका.