ज्याला त्याला ‘स्टार’ म्हणू नका: स्क्रू, प्लग आणि क्लिपांची नावं ओळखून वापरा

फुलीची खाच दिसली की आपण सरसकट ‘स्टार’ म्हणतो आणि हाताला येईल ती बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) लावतो. स्क्रूची डोकी खराब होतात ती बहुतेक याच सवयीमुळे.

साधी फुली ती फिलिप्स. ऑरेगनच्या हेन्री फिलिप्स यांनी ती बाजारात आणली आणि 1936 मध्ये कॅडिलॅकच्या जुळणीत ती वापरली गेली. तिच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर सरकते. म्हणून फिरवण्याइतकंच दाबणंही महत्त्वाचं. 1960 च्या दशकात आलेल्या पोझिड्रिव्हच्या भिंती जवळपास उभ्या, म्हणून ती कमी निसटते. ओळखायची खूण म्हणजे मुख्य फुलीच्या मध्ये 45 अंशांवर चार बारीक रेषा. रेषा असतील तर पोझिड्रिव्हची पीझेड (PZ) बिट, नसतील तर फिलिप्सची पीएच (PH), 3.5 ते 5 मिमीच्या स्क्रूंना बहुतेक वेळा 2 नंबरची. पीझेड स्क्रूत पीएच बिट डुगडुगते आणि खाच खाते. पीएच स्क्रूत पीझेड बिट तळापर्यंत जातच नाही. जपानी यंत्रांत फुलीशेजारी बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा स्क्रू. त्याला त्याचीच बिट हवी. खरा चांदणीसारखा असतो तो टॉर्क्स, सहा टोकांचा, आणि तो टी 20, टी 25 अशा आकड्यांनी मागायचा.

षटकोनी खाचेची चावी म्हणजे ॲलन की. 1910 च्या सुमाराला हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांच्या कंपनीवरून हे नाव पडलं. दंडगोल डोक्याच्या नेहमीच्या ॲलन बोल्टला एम 5 (म्हणजे 5 मिमी जाडीचा मेट्रिक बोल्ट) साठी 4 मिमी, एम 6 साठी 5, एम 8 साठी 6 मिमीची की लागते. 5 मिमीच्या खाचेत 3/16 इंची की (4.76 मिमी) सैल का होईना बसते, म्हणूनच ती घातक. एकदा कोपरे गोल झाले की बोल्ट काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

आट्यांतही हाच घोळ. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने 1841 मध्ये ठरवलेले इंची आटे 55 अंशांचे, मेट्रिक 60 अंशांचे. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिमीचा, त्यामुळे एम 8 चा नट त्यावर चढतो. पण इंचात 18 आटे म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1.41 मिमी आणि एम 8 ची 1.25, एक-दोन फेऱ्यांत नट अडकतो. नट हाताने तीन-चार फेरे फिरला नाही तर पाना लावू नका, पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावा.

भिंतीतला रॉल प्लग, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात बसवायची गुट्टी, हे नाव जॉन रॉलिंग्ज यांच्यावरून, 1911 चं. तेव्हा तो तागाच्या तंतूंचा होता. आजच्या नायलॉन प्लगचा नमुना 1958 मध्ये आर्टुर फिशर यांनी बनवला. 6 मिमीच्या, 30 मिमी लांब प्लगला 6 मिमीचंच ड्रिल वापरा, भोक 40 मिमी खोल घ्या आणि स्क्रू 4 ते 5 मिमीचा निवडा. स्क्रूची लांबी = प्लगची लांबी + लावायच्या वस्तूची जाडी + स्क्रूचा व्यास. भोकातली भुकटी फुंकून काढाच. ती राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही, आणि पुढे स्क्रूसोबत गरगर फिरतो. पकडीत प्लॅस्टरची जाडी धरू नका. पकड विटेत किंवा काँक्रीटमध्ये हवी.

नळीच्या तोंडावर चढवलेला रबरी पाइप आवळून धरणाऱ्या होज क्लिपला ‘जुबिली क्लिप’ म्हणतात. ती ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन यांची, पेटंट 1921 चं. माप पाइप नळीवर चढवल्यानंतरच्या बाहेरच्या व्यासाचं घ्या आणि ते क्लिपच्या पल्ल्याच्या मधोमध येईल अशी क्लिप निवडा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे, पाइपच्या कडेपासून 3 ते 5 मिमी आत बसवा. स्क्रूड्रायव्हर निसटून पाइप फाडतो. बऱ्याच क्लिपांना 7 मिमीचं षटकोनी डोकं असतं, तिथं सॉकेट लावा. रबर कडेने फुगून वर येईल इतकं आवळलं तर पट्टी त्यात रुतते. गरम पाण्याच्या जोडाला एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा थोडा ताण द्या.

केबल टाय 1958 मध्ये विमानांतल्या तारा बांधायला आला. उन्हात पांढरा टाय ठिसूळ होऊन तुटतो. बाहेर यूव्ही-रोधक काळाच वापरा आणि शेपूट डोक्याला लागून सपाट कापा, नाहीतर उरलेलं टोक हात चिरतं.