जुन्या ट्रकचं हेड गॅस्केट कसं बदलायचं

भरलेली गाडी कसारा घाट चढत असते, अर्ध्यावर टेम्परेचरचा काटा लालला टेकतो, आणि इगतपुरी येईपर्यंत ॲक्सिलरेटर तळाला गेला तरी गाडी ओढत नाही. नाशिककडच्या ड्रायव्हर मंडळींना हे नवीन नाही. गॅरेजवाला वाफ बघूनच सांगतो, "हेडचं पॅकिंग गेलं." म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं गॅस्केट. बऱ्याचदा खरंही असतं. पण हेड उतरवणं दोन-तीन दिवसांचं काम आहे, म्हणून आधी खात्री करा.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना कधीच नाही, तोंड भाजेल. पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. थांबलेच नाहीत, रेस दिली की वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलंय. ते ऑइल कूलर फुटल्यानेही होतं, तेही तपासा, पण तशी गाडी पुढे पळवू नका, बेअरिंगं जातील. कधी पाणी घटत नाही, ऑइलही स्वच्छ असतं, तरी शेजारचे दोन सिलिंडर कामच करत नाहीत. तेव्हा गॅस्केटची त्या दोघांच्या मधली पट्टी जळालेली असते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं की कळतं.

गॅस्केट घेताना दुकानात गाडीचं नाव नको, इंजिनचा नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वेगळी इंजिनं आली आहेत. जुन्या टाटा ४०७ मधल्या ४९७ इंजिनच्या नावातच माप आहे: ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). ६९७ म्हणजे तसेच ६. त्याच फेरीत नोझलचे (डिझेल फवारणाऱ्या) तांब्याचे वायसर, मॅनिफोल्डची पॅकिंगं, ऑइल आणि फिल्टरही घ्या.

आता उतरवणं. बॅटरीची वायर काढा. रेडिएटरचं पाणी सोडा, ब्लॉकचंही सोडा. ब्लॉकचा कॉक विसरला की हेड उचलताच पाणी सिलिंडरमध्ये. एअर पाइप, सायलेन्सरचा जोड, होज, डिझेलचे पाइप सोडवा आणि पाइपांच्या उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ प्लास्टिक बांधा. नोझलला धुळीचा एक कण पुरतो. मग टॅपेट कव्हर, रॉकर, पुश रॉड. पुश रॉड ज्या जागेचा त्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला ओळीने भोकं पाडून त्यात खोचून ठेवा, पुढची बाजू पेनाने लिहा.

हेडचे बोल्ट गार इंजिनवरच सोडवायचे, टोकांकडून मध्याकडे, प्रत्येकाला आधी अर्धा फेरा. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसरा, असं केलं तर हेड वाकतं. हेड चिकटलं असेल तर लाकडी ठोकळ्याने ठोका, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. उचलायला चेन पुली किंवा दोन दणकट माणसं. वेट लाइनरचं इंजिन (सिलिंडरची नळी वेगळी, तिच्याभोवती पाणी) असेल तर लाइनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका, लाइनर वर सरकतात.

जुनं गॅस्केट लगेच फेकू नका, उन्हात धरून बघा. दोन सिलिंडरांच्या मधे किंवा पाण्याच्या भोकाकडे गेलेली काळी रेघ म्हणजे गॅसची वाट. ब्लॉकवर नेमकी तीच जागा नीट तपासा.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला द्या. सिलिंडर आणि ऑइलची भोकं कापडाने बुजवा, स्क्रॅपरने जुना थर काढा. ग्राइंडरला तिथे हात लावू नका. बोल्टची भोकं टॅप फिरवून हवेने साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून. भोकाच्या तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावर दाबला जातो, टॉर्क पाना "झालं" म्हणतो पण हेड आवळलेलंच नसतं; कधी ब्लॉकलाच चीर जाते.

मग स्ट्रेट एज हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत धरा, खालून फिलर गेज सरकवून बघा. साधारण ०.१ मिमीचं पान कुठेही सरकलं तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला द्या, नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलची. नाशकात सातपूर-अंबडकडे मशीन शॉपवाले आहेत. त्यांना वॉल्व्हच्या मधली चीर प्रेशर टेस्टने बघायला सांगा आणि गरजेपेक्षा जास्त घासू देऊ नका. डिझेल इंजिनात पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो.

नवीन गॅस्केट कोरडं, खुणेची बाजू वर. काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान दिसतील. ती पाण्याच्या प्रवाहासाठी मुद्दाम तशी असतात, मोठी करू नका. हेड सरळ खाली उतरवा. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली पातळ ऑइल लावा, मग टॉर्क पान्याने मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. आकडा मॅन्युअलचा, उस्तादाच्या अंदाजाचा नाही. नंतरच्या काही इंजिनांत शेवटी अंशांत फिरवायचं असतं आणि बोल्ट नवे लागतात.

रॉकर बसवा, टॅपेट सेट करा, डिझेलची एअर काढा, ऑइल-फिल्टर बदला. कूलंट हळूहळू भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, एअर निघाली की पातळी पूर्ण करा. काही जुन्या प्रकारच्या गॅस्केटला थोडं चालवल्यावर पुन्हा टॉर्क द्यावा लागतो; बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच द्या.

एवढं करूनही माझी गाडी पहिल्या वेळी वीस दिवसांत परत त्याच घाटात उभी राहिली. पॅकिंग दोषी धरून पुन्हा हेड उतरवायला निघालो, तेव्हा रेडिएटरवर हात फिरवला. पिंपळगाव आणि लासलगावच्या बाजारात उडणारी कांद्याची टरफलं जाळीच्या पात्यांमध्ये आतपर्यंत गच्च बसली होती, ओली होऊन वाळलेली. समोरून काहीच दिसत नव्हतं. त्यात थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह सांभाळणारा वॉल्व्ह) कोणीतरी कधीच काढून टाकलेला. आता हेड बंद करण्याआधी रेडिएटर उतरवून आतल्या बाजूने पाणी मारतो, फॅन बेल्ट, वॉटर पंप आणि झाकणाची स्प्रिंग बघतो. त्या दिवशी जाळीतून घमेलं भरून टरफलं निघाली होती.