अम्हारिक आणि तागालोग यांची तुलना करताय? मग या चुका टाळा

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर एकाच दुपारी या दोन्ही भाषा पडतात. शेजारची इथिओपियन बाई फोनवर अम्हारिक बोलत असते, दुकानातल्या काउंटरवरच्या फिलिपिनो मुली आपसात तागालोग. ऐकता ऐकता मनात तुलना सुरू होते आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या टोकापासून सुरू होते.

पहिली चूक म्हणजे सारखा शब्द दिसला की नातं जोडून मोकळं होणं. अम्हारिकमध्ये भेटल्यावर 'सलाम' म्हणतात, तागालोगमध्ये आभार मानताना 'सलामात'. झालं, बहिणी ठरल्या! पण अम्हारिक ही अरबी-हिब्रूच्या सेमिटिक कुळातली, त्यामुळे स-ल-म हे धातूचं रूप तिच्या घरचंच आहे. तागालोगकडे हा शब्द अरबीतून मलयमार्गे आला, आपल्याकडे 'सलामत' फारसीबरोबर आलं. शब्द एकच, वाटा तीन. नातं तपासायचं तर उसन्या शब्दांकडे न जाता शरीराचे अवयव घ्या. डोळ्याला अम्हारिकमध्ये 'आय्न' म्हणतात, अरबीतही जवळपास तेच. तागालोगमध्ये 'माता', मलयमध्ये 'माता', पार फिजीतही 'माता'. इथे कुळं स्पष्ट वेगळी पडतात. (तागालोगमध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. आपल्या आतेशी तिचा काहीही संबंध नाही. हा शब्द चिनी व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतून आलाय.)

लिपीच्या बाबतीत तर आपण हमखास फसतो. अम्हारिकचा 'फिदल' तक्ता बघितला की बाराखडीच वाटते: एकेका व्यंजनाची सात रूपं, 33 मूळ अक्षरांची मिळून 231. तरी तिचा ब्राह्मीशी संबंध नाही. ती दक्षिण अरबस्तानातल्या जुन्या व्यंजनलिपीतून आली आणि स्वरांच्या खुणा नंतर जोडल्या गेल्या. उलट तागालोग आज रोमन लिपीत दिसते म्हणून ती परकी वाटते, पण तिची जुनी 'बायबायिन' लिपी ब्राह्मीच्या घराण्यातली आहे. मनिलात 1593 साली छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे.

मग तागालोगमध्ये 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'दुखा' म्हणजे गरीब हे कळल्यावर आपला आनंद गगनात मावत नाही. फिलिपिन्समधल्या लागुना प्रांतातल्या ताम्रपटावर शके 822, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार अशी तिथी आहे. इसवी सनाच्या हिशेबात ते वर्ष 900. आपल्या दिनदर्शिकेतून उचलल्यासारखी ती वाचताना अंगावर काटा येतो, हे मी कबूल करतो. पण हा लेख तागालोगमधला नाही. भाषा जुनी मलय आहे, लिपी कावी, म्हणजे जावाची जुनी लिपी, आणि मजकूर आहे कर्जमुक्तीचा. संस्कृत शब्द तिकडे पाहुणे म्हणून गेले, तेवढ्याने भाषेचं कूळ बदलत नाही.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे इंग्रजीला मध्यस्थ करणं. बहुतेक तक्ते, ॲप आणि यांत्रिक भाषांतरं हेच करतात, आणि नेमकं जे मराठीत आयतं आहे तेच वाटेत सांडतं. 'इने बुना इतत्ताल्लहू' या अम्हारिक वाक्याचा शब्दक्रम बघा: मी, कॉफी, पितो. शब्द जागचा हलवावा लागत नाही! तागालोगमध्ये 'उमिइनोम अको नङ कापे', म्हणजे क्रियापद आधी, मग मी, मग कॉफी. इंग्रजीमार्गे गेलात तर दोन्ही सारख्याच उलट्या वाटतात.

तागालोगमध्ये 'काइन तायो!' म्हणजे 'चला, जेवू या'. जेवणारा माणूस दारात आलेल्याला सहज म्हणतो, आपल्याकडे 'या जेवायला' म्हणतात तसंच. यातलं 'तायो' म्हणजे आपण, आणि 'कामी' म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून तिथून शिकलेले लोक 'कामी' म्हणून पाहुण्यालाच ताटावरून उठवतात. अम्हारिकमध्ये आपण-आम्ही हा भेद नाही, पण खुशाली विचारताना पुरुषाला 'दह्ना नह?', बाईला 'दह्ना नश?' आणि आदराने 'दह्ना नवोत?' असं विचारावं लागतं. तागालोगमध्ये 'तो' आणि 'ती' या दोन्हींना एकच 'शा'. आदर 'पो' लावून आणि अनेकवचन वापरून दाखवतात.

तागालोगमधली 'बुमिली' आणि 'बिनिली' ही दोन्ही 'विकत घेणे' याची रूपं. दुसऱ्याला आपलं कर्मणी समजून बाजूला ठेवू नका. विशिष्ट वस्तूबद्दल बोलायचं असेल, 'तो मासा बाईने घेतला' असं, तर 'बिनिली' हेच नेहमीचं रूप आहे.

उच्चारात अडखळत असाल तर दोष तुमचा नसेल, लिपीचा असेल. अम्हारिकमध्ये द्वित्त लिहीत नाहीत: 'गना' म्हणजे अजून आणि 'गन्ना' म्हणजे ख्रिसमस, दोन्ही एकाच अक्षरांत. तागालोगमध्ये आघात लिहीत नाहीत: 'बुकास' मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर उद्या, दुसऱ्यावर दिला तर उघडं. आपणही 'जरा' दोन प्रकारे वाचतोच की, थोडं आणि म्हातारपण. त्यामुळे रोमन लिपीवरून देवनागरीत उतरवू नका, कानाने ऐकून लिहा. तागालोगमधला 'एनजी' हा आपला 'वाङ्मय'मधला ङ आहे, फक्त तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो: 'ङायोन', म्हणजे आत्ता. 'नगायोन' म्हणालात तर समोरचा हसेल.

राहिली वेळ. इथिओपियात दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, तर तागालोग बोलणारे वेळ बहुधा स्पॅनिश आकड्यांत सांगतात. सकाळच्या भेटीसाठी 'हुलत सआत', म्हणजे दोन वाजता, असं ठरलं तर आपल्या घड्याळात आठ वाजलेले असतात. 'आलास दोस' म्हणजे मात्र सरळ दोन. अदिस अबाबात कुणी वेळ दिली की कोणत्या घड्याळाने ते आधी विचारून घ्या.