कांस्यरंग लिहिताना या चुका टाळा

धातूची चकाकी असलेल्या उबदार तपकिरी रंगासाठी नव्याने लिहिणारे बहुतेक जण ‘कांस्यवर्णी’ हा शब्द वापरतात आणि पहिली चूक तिथेच होते, कारण विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या वाचकाने कासे पाहिलेले असते ते वाटीच्या नाहीतर भजनातल्या टाळाच्या रूपात, आणि ते तपकिरी मुळीच नसते. भांड्यांच्या काशात साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. एवढ्या कथिलामुळे त्याचा रंग फिकट सोनेरी होतो. आमची आजी रात्री तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासत असे, तेव्हा तळवे काळपट होत आणि वाटीचे बूड मात्र अधिकच उजळे. पुतळ्यांच्या कांस्यात कथील बरेच कमी असते, आणि वर्षानुवर्षे हवा लागून वर थर चढतो, म्हणून ते तपकिरी दिसते. तेव्हा हा रंग हवा असेल तर वस्तूचे वय आणि तिच्यावरचा उजेड सांगावा. नुसते ‘कांस्य’ लिहून भागत नाही.

तांबे, पितळ आणि कासे यांची सरमिसळ ही दुसरी चूक. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे, कासे तांबे आणि कथील यांचे. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या आसपासचा वाचक ही चूक लगेच पकडेल. चैत्रात पिंपळाला फुटणारी लालसर, लकाकणारी पालवी ताम्रवर्णीच म्हणावी. तिथे कांस्य आणू नये.

सर्वांत खटकते ती ‘कांस्यवर्णी कांती’. ही उसनी प्रतिमा आहे, आणि पराटी (कपाशी) वेचणाऱ्या बाईच्या वर्णनात ती आली की बाई पुतळ्यासारखी थिजते. आपल्याकडे माणूस उन्हाने रापतो, सावळा किंवा गव्हाळ असतो. हे शब्द पुरेसे आहेत.

अर्थच्छटांकडेही लक्ष द्यावे. पुतळ्यांमुळे कांस्याला टिकाऊपणाची आणि प्राचीनतेची छटा आहे. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या वाकाटककालीन कांस्य बुद्धमूर्तींबद्दल लिहिताना ती शोभते. पण पदकामुळे त्याच शब्दाला तिसऱ्या क्रमांकाचीही छटा आली आहे, त्यामुळे ‘त्याचे यश कांस्यासारखे झळाळले’ या वाक्यात कौतुकाऐवजी टोमणा ऐकू येतो. पितळ तर वापरूच नये, कारण ते मराठीत उघडे पडते.

संगणकावर हा रंग लाल २०५, हिरवा १२७ आणि निळा ५० या आकड्यांनी दाखवतात. पडद्यावर तो सपाट तपकिरी-नारिंगी दिसतो, कारण आकड्यांत चकाकी मावत नाही. लिहिण्यातही तेच घडते. ‘कांस्य संध्येत शेत न्हाऊन निघाले’ हे वाक्य मेलेले आहे. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘सोंगणीला आलेले सोयाबीन दुपारभर मातकट दिसत होते, सूर्य धुऱ्यावरच्या बाभळीखाली उतरला आणि वाळलेल्या शेंगांच्या कडा घासल्या धातूसारख्या लकाकल्या.’ रंगाचे नाव त्यात एकदाही आलेले नाही.